चेलोच्या इतिहासातले वळणाचे क्षण : तुमचा कोणता?

खर्जप्रेमी

व्हायोलिन आपल्याकडे केव्हाच घरचं झालं. चेलोचं, म्हणजे व्हायोलिनच्याच घराण्यातल्या या थोराड, खर्जातल्या वाद्याचं, तसं झालं नाही. हिंदी गाण्यांत तो पदोपदी वाजत असतो, पण 'हा चेलो' म्हणून कान देऊन ऐकणारे थोडे. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं आधीच मांडतो, मग तुटून पडा. चेलोचा इतिहास संगीतकारांपेक्षा वादकांनी जास्त घडवला. वाद्य काही कालपरवाचं नाही, सोळाव्या शतकात इटलीत क्रेमोनाला आंद्रेआ अमाती चेलो बनवत होता. पण नंतर बराच काळ त्याला एकच काम, खालचा सूर धरून बसायचं. वर कोणीतरी गाणार, टाळ्या घेणार, हा आपला खाली. तिथून त्याला पुढे ओढून आणलं ते दर पिढीतल्या एखाद्या हट्टी वादकाने.

माझा क्षण : १८९०, बार्सेलोना. पुढे जगप्रसिद्ध चेलिस्ट झालेला पाउ कासाल्स (जगाला पाब्लो म्हणून माहीत) तेरा वर्षांचा होता. शिकता शिकता कॅफे टोस्टमध्ये वाजवून चार पैसे कमवायचा. तिथे वाजवायला काही नवीन मिळतंय का, हे बघायला वडिलांबरोबर बंदराजवळच्या जुन्या स्वरलिप्यांच्या दुकानात शिरला आणि त्या पसाऱ्यात त्याच्या हाती जर्मन संगीतकार बाखचे एकट्या चेलोसाठी लिहिलेले सहा सुइट (नाचांच्या चालींवर बेतलेल्या तुकड्यांच्या माळा) लागले.

बाखने ते बहुधा १७१७ ते १७२३ या काळात, कोथेनला नोकरीत असताना लिहिले. त्याच्या हातची प्रत हरवलीच. टिकली ती बायकोने, आना माग्दालेनाने, केलेली नक्कल. छापून यायला १८२४ उजाडलं, आणि छापल्यावरही लोकांनी त्यांची गणना रियाजाच्या धड्यांत केली. मैफलीत वाजवलाच तर एखादा तुकडा. कासाल्सने ते बारा वर्षं घरात घोटले आणि मग अख्खा सुइट, पहिल्या सुरापासून शेवटच्यापर्यंत, लोकांसमोर मांडायला सुरुवात केली.

ध्वनिमुद्रण झालं त्या वेळी गडी साठीला टेकलेला. काळ कसा होता बघा. जुलै १९३६ मध्ये बार्सेलोनात तो बीथोवनच्या नवव्या सिंफनीची तालीम घेत होता. मध्येच निरोप आला की लष्कराने बंड केलंय, सगळ्यांनी ताबडतोब घरी जावं. कासाल्सने वादकांना आणि गायकांना विचारलं, पुन्हा कधी भेटू माहीत नाही, शेवटचा भाग पुरा करून निघायचं का? त्यांनी तो पुरा केला. त्याच नोव्हेंबरात तो लंडनला अ‍ॅबी रोडच्या स्टुडिओत दुसरा आणि तिसरा सुइट वाजवत होता. बाकीचे चार पॅरिसला, १९३८ आणि १९३९ मध्ये. त्या तबकड्या ऐकताना कुठेकुठे बोट घसरल्यासारखं होतं, श्वास ऐकू येतो. मला ते पुसून टाकावंसं कधी वाटलं नाही.

आता तुमचे क्षण येऊ द्या. नुसती नावं नकोत, काय झालं आणि का महत्त्वाचं ते लिहा.

तबकडी

वा! कासाल्सला या मुद्रणासाठी तयार करण्यात एचएमव्हीच्या फ्रेड गाइसबर्गचा हात होता. हाच गाइसबर्ग १९०२ मध्ये कलकत्त्याला येऊन गौहरजानचा आवाज मेणात धरून गेला होता. गौहरजानचा जोगिया आणि बाखचा साराबांद (सुइटमधला संथ नाचाचा तुकडा), दोन्हींमागे एकच माणूस. रशियन चेलिस्ट रोस्त्रोपोविचवर सवडीने लिहितो.

शंकासुर

दुकानातली गोष्ट गोड आहे, पण ती आहे कासाल्सनेच म्हातारपणी सांगितलेली. आणि 'पसाऱ्यात खजिना सापडला' हे जरा बेताने घ्या. त्याच्या हाती लागली ती ग्र्युट्समाखर या जर्मन चेलिस्टने संपादित केलेली छापील आवृत्ती. म्हणजे त्याच्या आधी निदान एका पिढीला हे सुइट चांगले ठाऊक होते. संगीतकार शुमानने तर १८५३ मध्ये त्यांना पियानोची साथ लिहून दिली होती, बिचाऱ्याला एकटा चेलो उघडावाघडा वाटला असणार. खजिना कपाटात उघडाच पडला होता. कासाल्सने शोध लावला नाही, जाहिरात केली.

खर्जप्रेमी

शंकासुर, शोध हा शब्द तुम्ही आणलात, मी नाही. माझा मुद्दा उलट तुमच्या प्रतिसादाने पक्का होतो. शुमानसारख्या माणसालाही वाटलं की साथीशिवाय हे उभं राहणार नाही. कासाल्सने ते साथीशिवाय उभं करून दाखवलं. यालाच मी हट्ट म्हणतोय.

उत्तररंग

माझं मत चेक संगीतकार द्वोर्झाकला. आणि इथे खर्जप्रेमींच्या सिद्धांताला जरा धक्का बसेल, कारण या गोष्टीत वादकाचा हट्ट हरला आणि ते बरंच झालं.

द्वोर्झाकला एकल वाद्य म्हणून चेलोबद्दल फारसं प्रेम नव्हतं. वरचे सूर नाकातून आल्यासारखे, खालचे पुटपुटल्यासारखे, असं तो म्हणायचा. १८६५ मध्ये चेलोसाठी एक कॉन्चेर्तो (एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांची मोठी रचना) लिहून त्याने अर्धवट सोडला होता. पुढे न्यूयॉर्कच्या नॅशनल कॉन्झर्वेटरीचा संचालक असताना मार्च १८९४ मध्ये त्याने तिथलाच सहकारी व्हिक्टर हर्बर्टचा दुसरा चेलो कॉन्चेर्तो ऐकला. वाजवत होता हर्बर्ट स्वतः. मागे तीन ट्रॉम्बोन (मोठी पितळी वाद्यं) असूनही चेलो बुडत नाही हे द्वोर्झाकने तिथे कानांनी अनुभवलं. नोव्हेंबरात लिहायला बसला आणि फेब्रुवारी १८९५ मध्ये बी मायनर कॉन्चेर्तो हातावेगळा केला.

आता आतली गोष्ट. तरुणपणी तो योसेफीना नावाच्या एका शिष्येच्या प्रेमात पडला होता. तिने नाही म्हटलं. पुढे त्याचं लग्न झालं तिच्या धाकट्या बहिणीशी, आनाशी. कॉन्चेर्तोचा दुसरा भाग लिहिताना योसेफीना फार आजारी असल्याचं त्याला कळलं. तिला त्याचं एक गाणं फार आवडायचं, 'मला एकटीला राहू द्या' अशा अर्थाचं. तेच त्याने त्या भागात गुंफलं. मे १८९५ मध्ये, तो मायदेशी परतल्यावर महिनाभरातच, ती गेली. त्याने पुऱ्या झालेल्या कॉन्चेर्तोचा शेवट पुन्हा उघडला आणि साठेक आवर्तनांचा (बारचा) नवा मजकूर घातला. तिथे धावता शेवट एकदम थबकतो, ऑर्केस्ट्रातलं एकच व्हायोलिन ते गाणं पुन्हा आठवून जातं, खाली चेलो हळूहळू विझत जातो, मग पुन्हा थोडा उसळतो, आणि शेवटचे चार शब्द ऑर्केस्ट्रा गडगडाटात बोलून घेतो.

आणि आता हट्ट. ज्याच्यासाठी हे लिहिलं त्या हानुश विहानला नेमका इथेच आपला कादेंझा हवा होता. म्हणजे सगळे थांबणार आणि हा एकटा बोटांची करामत दाखवणार. तसा तुकडा त्याने लिहूनही ठेवला होता. द्वोर्झाकने प्रकाशक झिमरोकला ठणकावून कळवलं की माझ्या परवानगीशिवाय कोणीही, अगदी मित्र विहाननेसुद्धा, एका सुरात बदल करायचा नाही, कादेंझा तर नाहीच. १९ मार्च १८९६ ला लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये पहिला प्रयोग झाला, द्वोर्झाकच्या हाताखाली. वाजवणारा विहान नव्हता, लिओ स्टर्न होता.

विहानचा हट्ट पुरवला असता तर त्या शेवटाचं काय झालं असतं, याची कल्पनाही नको.

तिसरी_घंटा

उत्तररंग, हे वाचून आत्ता पुन्हा लावलं. ते एकटं व्हायोलिन कुठून येतं हे आजवर कळलंच नव्हतं. धन्यवाद.

पेठेतला_बाख

हट्टाचा आणखी एक नमुना. बीथोवनने १७९६ मध्ये बर्लिनला जाऊन प्रशियाच्या राजासाठी दोन चेलो सोनाटा लिहिले. राजा फ्रीडरिष विल्हेल्म दुसरा स्वतः चेलो वाजवायचा आणि त्याच्या पदरी द्युपोर बंधू होते, म्हणजे त्या काळचे अव्वल चेलिस्ट. एवढी सोय असताना बीथोवनने चेलोचा कॉन्चेर्तो का लिहिला नाही? असं सांगतात की त्याने चेलिस्ट बेर्नहार्ड रोम्बर्गला विचारलं होतं आणि रोम्बर्ग म्हणाला, मी फक्त माझ्याच रचना वाजवतो. नसता मान. आज रोम्बर्गच्या रचना शिकाऊ पोरं वाजवतात आणि बीथोवनचा चेलो कॉन्चेर्तो जगात नाही. तेव्हा हट्टी वादकांचे गोडवे जरा बेताने गा.

माझा क्षण मात्र वादकाचा नाही, ग्रंथपालकीचा. हायडनने आपल्या रचनांची एक वही ठेवली होती, प्रत्येक रचनेची पहिली ओळ लिहिलेली. त्यात सी मेजरमधल्या एका चेलो कॉन्चेर्तोची सुरुवात होती, कॉन्चेर्तो मात्र गायब. १९६१ मध्ये प्रागच्या राष्ट्रीय संग्रहालयात ओल्द्रिख पुल्कर्ट नावाच्या अभ्यासकाला एका जुन्या सरदारी संग्रहातून आलेल्या बाडांत तो सापडला. वहीतली ओळ जुळली, प्रश्नच मिटला. मे १९६२ मध्ये मिलोश साद्लोने तो प्रागला वाजवला. दोनशे वर्षं कोणी न ऐकलेली रचना, आणि आज चेलोच्या कुठल्याही स्पर्धेत ती असतेच.

शंकासुर

पेठेतला_बाख यांना +१. सापडणं म्हणतात ते हे.

लंडनस्थ

इंग्लिश संगीतकार एडवर्ड एल्गारचं नाव अजून कसं आलं नाही?

१९१८ मध्ये लंडनला टॉन्सिलची शस्त्रक्रिया झाली, साठीच्या माणसाला त्या काळी तो मोठाच प्रसंग. दवाखान्यातून घरी आल्यावर एल्गारने एक सुरावट कागदावर उतरवून ठेवली. पुढच्या उन्हाळ्यात ससेक्समधल्या ब्रिंकवेल्स या रानातल्या घरात तिचा कॉन्चेर्तो झाला. महायुद्ध नुकतंच संपलं होतं. पहिला प्रयोग २७ ऑक्टोबर १९१९, क्वीन्स हॉल, चेलोवर फेलिक्स सामंड. आणि प्रयोग पडला. साफ पडला. त्या मैफलीत बाकीच्या रचनांचं संचालन आल्बर्ट कोट्सकडे होतं आणि त्याने एल्गारच्या वाट्याचा तालमीचा वेळ खाल्ला. समीक्षक अर्नेस्ट न्यूमनने वर्तमानपत्रात ऑर्केस्ट्राची सालटी काढली. सामंडच्या मनाने एवढं घेतलं की पुढे अमेरिकेत स्थायिक झाल्यावर त्याने या कॉन्चेर्तोचं नाव काढलं नाही.

त्या रात्री ऑर्केस्ट्राच्या चेलोंच्या रांगेत एकोणीस वर्षांचा एक पोरगा बसला होता, जॉन बार्बिरोली. आता १९६५ च्या ऑगस्टमध्ये या. लंडनचा किंग्जवे हॉल, ध्वनिमुद्रणाचा दिवस, तोच ऑर्केस्ट्रा, आणि समोर संचालकाची काठी घेऊन उभे सर जॉन बार्बिरोली, पासष्टीचे. चेलोवर जॅकलिन द्यू प्रे, वय २०.

सुरुवातच अशी आहे की वादकाला लपायला जागा नाही. ऑर्केस्ट्रा प्रस्तावना करत नाही. चेलो एकटाच चार जड सुरावळ्या ओढतो आणि थांबतो. मग ऑर्केस्ट्रातले व्हायोला (व्हायोलिनहून जरा मोठे) साथीशिवाय ती दवाखान्यानंतरची सुरावट गुणगुणतात, एकसुरी, जवळजवळ निर्विकार. चेलो ती त्यांच्याकडून उचलतो आणि वर चढत जातो, चढत जातो, आणि सगळा ऑर्केस्ट्रा तिथे येऊन आदळतो. द्यू प्रे त्या चढणीत जो दाब देते तो तिच्या आधी कोणी दिला नव्हता. सेहेचाळीस वर्षं म्हणावी तशी लोकप्रिय न झालेली रचना एका दुपारनंतर घराघरांत पोचली.

आपल्याशी धागा जुळतो तो झुबिन मेहतांमुळे. मुंबईचे मेहता तिचे आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याचे, पियानिस्ट बारेनबोइमचे, जिवलग. १९६७ च्या जूनमध्ये या दोघांचं जेरूसलेमला लग्न लागलं तेव्हा धार्मिक विधीला फक्त ज्यू साक्षीदार चालणार होता. तर आपले पारशी बाबा 'मोशे कोहेन' बनून उभे राहिले. १९६९ मध्ये शूबर्टच्या 'ट्राउट' पंचकात पर्लमन, झुकरमन, बारेनबोइम आणि द्यू प्रे यांच्या बरोबरीने डबल बास वाजवणारेही मेहताच. ती फिल्म शोधून बघा. मंचावर जायच्या आधी ही मंडळी एकमेकांची वाद्यं हिसकावून काय धिंगाणा घालतात! आणि फेब्रुवारी १९७३ मध्ये लंडनला तिने एल्गार वाजवला तेव्हाही काठी मेहतांकडेच होती. बोटांना स्पर्श कळेनासा झाला होता, तारेवर बोट कुठे आहे हे डोळ्यांनी बघावं लागायचं. त्याच ऑक्टोबरात मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराचं निदान झालं. १९८७ मध्ये गेली, ४२ व्या वर्षी.

शंकासुर

द्यू प्रेबद्दल आदर आहेच. पण 'तिच्या आधी कोणी नाही' म्हणताना चेलिस्ट बिअ‍ॅट्रिस हॅरिसनला विसरू नका. हिने १९२८ मध्ये खुद्द एल्गारच्या हाताखाली तो कॉन्चेर्तो पूर्ण मुद्रित केला. द्यू प्रेच्या निम्म्या अश्रूंत, आणि माझ्या मते रचनेला ते जास्त शोभतं.

हॅरिसनची दुसरी कीर्ती म्हणजे बुलबुल. म्हणजे आपला बुलबुल नव्हे, नाइटिंगेल. सरे परगण्यातल्या ऑक्स्टेडला तिच्या घरामागच्या झाडीत ती रात्री चेलो वाजवायची आणि पक्षी तिला साथ द्यायचा. १९ मे १९२४ च्या रात्री बीबीसीने तिथे मायक्रोफोन नेला आणि घराबाहेरून थेट प्रक्षेपण केलं. लाखो लोक ऐकत होते. पक्षी बराच वेळ गप्प, मग शेवटी गायला. पत्रांचा पाऊस पडला. पुढची कित्येक वर्षं दर मे महिन्यात हा प्रयोग व्हायचा.

अलीकडे असा दावा पुढे आला आहे की पहिल्या रात्री एवढी माणसं आणि यंत्रं बघून पक्षी बिचकला असणार आणि ऐनवेळी शीळ घालणाऱ्या कलावंताकडून काम भागवलं असणार. हॅरिसनचे चाहते हे मानत नाहीत. मी मानतो. सोय म्हणून ठेवलेली शीळवाली पक्ष्याआधी घसा साफ करत बसलीय, हे चित्र मला खऱ्या पक्ष्याहून जास्त आवडतं.

तिसरी_घंटा

शंकासुर, तुम्ही लहानपणी सर्कशीत वाघाचे दात मोजायचे का हो?

चौथी_तार

हॅरिसनचं नाव निघालं म्हणून. बाईने चेलो कसा धरायचा हाच एके काळी प्रश्न होता. दोन गुडघ्यांत धरणं अशिष्ट, म्हणून दोन्ही पाय एका बाजूला वळवून, अवघडून बसायचं आणि वर सुरेल वाजवायचं. फ्रान्सची लीझ क्रिस्तियानी १८४० च्या दशकात मैफली करायला लागली तेव्हा टीकाकार सुरांआधी तिच्या बसण्याबद्दल लिहायचे. संगीतकार मेंडेल्सझोनने मात्र तिच्यासाठी 'शब्दांविना गीत' लिहिलं. मग ही बाई स्ट्रॅडिव्हेरियस चेलो घेऊन कुठे जावी? सायबेरियात. बर्फगाड्यांतून थेट कामचात्कापर्यंत. परतीच्या वाटेवर १८५३ मध्ये रशियातच कॉलऱ्याने गेली, वयाची तिशीही न गाठता. तिचा चेलो आज क्रेमोनाच्या संग्रहालयात आहे. खर्जप्रेमी, हट्टच हवा असेल तर हा घ्या.

मांडवीकाठ

धाग्यात एवढं युरोप झालं, थोडं आमच्याकडचं लिहितो.

पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चच्या शाळेत पोरांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवायचे. तिथे तयार झालेली माणसं पोटासाठी मुंबईला गेली, आधी हॉटेलांच्या बँडमध्ये, मग सिनेमाच्या रेकॉर्डिंगला. संगीतकार पेटीवर चाल सांगणार, आणि ती चाळीस-पन्नास वादकांना कागदावर वाटून देणार अ‍ॅरेंजर. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही त्यातली मोठी नावं. चेलो या व्यवस्थेतून आपल्या कानात शिरला. सेबॅस्टियन यांनी शंकर-जयकिशनसाठी जे काम केलं त्यात मुख्य चालीच्या खालून दुसरी एक स्वतंत्र ओळ सरकत राहते, ती नीट ऐका. पडद्यावर कोणाचं नाव नाही, तबकडीवर नाही.

एक नाव मात्र सांगतो, बासू चक्रवर्ती. पंचमदांच्या सहाय्यकांतले बासूदा मुळात चेलिस्ट. मनोहारी सिंग सॅक्सोफोनवाले आणि हे चेलोवाले, दोघांनी मिळून बासू-मनोहारी नावाने चित्रपटांना संगीतही दिलं. पंचमदांच्या गाण्यांत तंतुवाद्यांचा ताफा जड, काळा होऊन येतो तिथे हा माणूस आठवावा.

तबकडी

सवड झाली. रोस्त्रोपोविच.

आधी एक हलकी गोष्ट. त्याला सोव्हिएत संगीतकार शोस्ताकोविचकडून कॉन्चेर्तो हवा होता. शोस्ताकोविचच्या बायकोला, नीनाला, त्याने विचारलं, काय करू म्हणजे ते माझ्यासाठी लिहितील? ती म्हणाली, एकच उपाय, त्यांच्यासमोर हा विषय कधीही काढू नकोस. गड्याने खरंच काढला नाही. वर्षं गेली. नीनाही गेली. आणि १९५९ च्या उन्हाळ्यात कॉन्चेर्तो आला. २ ऑगस्टला कागद हातात पडले, ६ ऑगस्टला रोस्त्रोपोविच शोस्ताकोविचच्या उन्हाळी घरी हजर. शोस्ताकोविच म्हणतो, थांब, स्टँड आणतो. हा म्हणतो, नको, पाठ आहे. खर्जप्रेमी, हट्ट न धरण्याचा हट्ट तुमच्या सिद्धांतात बसवा आता.

पण माझा क्षण २१ ऑगस्ट १९६८. त्या पहाटे सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले होते. आणि संध्याकाळी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, प्रॉम्स या उन्हाळी मैफलमालेत, सोव्हिएत सरकारी ऑर्केस्ट्राची मैफल आधीच ठरलेली. स्वेत्लानोव काठीवर, रोस्त्रोपोविच चेलोवर. रचना कुठली? द्वोर्झाक! उत्तररंग यांनी वर लिहिलाय तोच, चेक माणसाने घरच्या ओढीने लिहिलेला कॉन्चेर्तो.

बाहेर निदर्शनं, आत आरडाओरडा. त्या मैफलीचं मुद्रण आहे, सुरुवातीचा गोंधळ त्यात ऐकू येतो. रोस्त्रोपोविच जे वाजवतो त्यात नेहमीची ऐट नाही. काही जागा तो ओरबाडतो, अक्षरशः. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं असं तिथे असलेल्यांनी लिहून ठेवलंय. टाळ्या थांबेनात तेव्हा त्याने द्वोर्झाकची स्वरलिपी उचलून सभागृहाला दाखवली. मग एन्कोरला, म्हणजे श्रोत्यांच्या आग्रहाखातर जादा, बाख, दुसऱ्या सुइटचा साराबांद.

पुढचं सगळ्यांना माहीत असेल. सरकारच्या रोषात सापडलेल्या लेखक सोल्झेनित्सिनला आपल्या घरात आसरा दिला, १९७० मध्ये त्याच्या बाजूने जाहीर पत्र लिहिलं, मैफली बंद पडल्या, १९७४ मध्ये देश सोडला, १९७८ मध्ये नागरिकत्व गेलं. बर्लिनची भिंत कोसळली तेव्हा नोव्हेंबर १९८९ मध्ये तिच्यासमोर खुर्ची टाकून बाख वाजवणारा म्हातारा तोच. फोटो सगळीकडे भिंतीचा असतो. मला विचाराल तर अल्बर्ट हॉलची रात्र त्याहून कठीण. भिंत पडल्यावर वाजवायला धाडस लागत नाही. सरकारी ऑर्केस्ट्राबरोबर, सरकारी माणसं नजर ठेवून असताना, स्वरलिपी उंच धरायला लागतं.

सांजवात

तबकडी, सुंदर. पण सगळ्या धाग्यात हट्ट, धाडस, बाणा चाललंय, म्हणून एक वेगळी गोष्ट ठेवते.

आनिता लास्कर, ब्रेस्लाउची ज्यू मुलगी, डिसेंबर १९४३ मध्ये ऑशविट्झला पोचली तेव्हा अठरा वर्षांची. केस काढले, नंबर गोंदला. गोंदणारी कैदी मुलगी सहज विचारत होती, तू आधी काय करायचीस? ही बोलून गेली, चेलो वाजवायचे. तिथे स्त्रियांचा ऑर्केस्ट्रा होता. आल्मा रोझे, संगीतकार माहलरची भाची, तो चालवायची. अ‍ॅकॉर्डियन, मँडोलिन, व्हायोलिनं होती, खालच्या सुरांचं वाद्य नव्हतं. म्हणून ही वाचली. रोज सकाळ-संध्याकाळ फाटकाशी बसून कैद्यांच्या पलटणी कामावर जाता-येताना कवायतीची गाणी वाजवायची. एकदा डॉक्टर मेंगेले येऊन म्हणाला, शुमानची 'ट्रॉइमराय' वाजव. तिने वाजवली. पुढे ती लंडनला इंग्लिश चेंबर ऑर्केस्ट्राच्या संस्थापकांपैकी एक झाली. जर्मनीत पुन्हा पाऊल ठेवायला तिला १९९४ उजाडलं.

तिने हे सांगताना संगीताने मला तारलं वगैरे भाषा वापरलेली नाही. ऑर्केस्ट्राला चेलो हवा होता, इतकंच. खर्जप्रेमी म्हणतात ना, 'खालचा सूर धरून बसायचं काम'. त्या कामाची त्या ठिकाणी गरज होती.

शंकासुर

सांजवात यांच्या प्रतिसादावर शंका काढायची माझी हिंमत नाही. त्याच काळातली दुसरी गोष्ट सांगतो, ती जरा निरुपद्रवी आहे. फ्रेंच संगीतकार मेसियाँने 'काळाच्या अंतासाठी चतुष्टक' गर्लिट्झच्या युद्धकैद्यांच्या छावणीत १५ जानेवारी १९४१ ला सादर केलं. तो आयुष्यभर सांगत राहिला की चेलोला तीनच तारा होत्या. चेलिस्ट एत्येन पास्किये जन्मभर सांगत राहिला की अहो, चार होत्या, तीन तारांवर हे वाजणारच नाही. चेलो त्याने सोबतच्या कैद्यांनी जमवलेल्या पैशांत गावातून विकत आणला होता, तारा मोजूनच घेतला असेल. मी वादकाच्या बाजूने.

तसंच बोस्नियातलं साराजेव्हो. युद्धात, १९९२ च्या मे महिन्यात पावाच्या रांगेवर तोफगोळा पडला. वेद्रान स्माइलोविच कोट-टाय घालून त्या जागी चेलो घेऊन बसला आणि मेलेल्यांसाठी अल्बिनोनीचा म्हणून ओळखला जाणारा अडाजिओ (संथ रचना) वाजवला. ते खरं. फक्त तो अडाजिओ अल्बिनोनीचा नाही. रेमो जाझोत्तो नावाच्या संगीत-अभ्यासकाने तो १९५८ मध्ये छापला, आणि ज्या जुन्या तुकड्यावरून रचल्याचं तो सांगायचा तो तुकडा कोणाला धड दाखवला नाही.

खर्जप्रेमी

त्याने त्या जागी काही फरक पडतो?

शंकासुर

त्या जागी शून्य. धाग्यात पडतो.

नवशिका_कान

मी यातलं एकही ऐकलेलं नाही. सुरुवात कुठून करू? पाश्चात्य संगीताचा गंध नाही, किशोरीताई आणि कुमार ऐकत मोठा झालोय.

उत्तररंग

मग सरळ बाख. पण पहिल्या सुइटची सुरुवात नको, ती जाहिरातींनी पार झिजवलीय. पाचव्या सुइटचा साराबांद घ्या, तीन-चार मिनिटांचा आहे. या सुइटसाठी बाख सगळ्यात वरची तार एक स्वर उतरवून लावायला सांगतो, वाद्याचा आवाजच गडद होतो. आणि साराबांदमध्ये तर एका वेळी एकच सूर. दोन तारा मिळून कुठेच वाजत नाहीत. आलापी ऐकलेल्या कानाला तिथे बसायला जागा सापडेल. आधी कासाल्सचा ऐका, मग दुसरा कोणाचाही.

मांडवीकाठ

नवशिका_कान, आलापीच हवी असेल तर चेलोवरचं ध्रुपदही आहे. नॅन्सी लेश-कुलकर्णी या मूळ अमेरिकेच्या, युरोपात चेलो शिकून इकडे आल्या आणि रुद्रवीणावादक उस्ताद झिया मोहिउद्दीन डागरांकडे शिकल्या. डागरसाहेबांचं गुरुकुल पनवेलजवळ पळस्प्याला. दिल्लीच्या सास्किया राव-द हास यांनी तर जमिनीवर बसून वाजवता येईल असा, तरफा (आपोआप गुंजणाऱ्या जादा तारा) बसवलेला चेलोच करून घेतला. मींडेला हे वाद्य फार सोयीचं, पडदे नाहीत आणि तार लांब.

पेठेतला_बाख

तरफा लावल्यावर तो चेलो राहिला का सारंगीचा थोरला भाऊ झाला?

खर्जप्रेमी

यावर वेगळा धागा काढा, इथे शंभर प्रतिसाद होतील. मांडवीकाठ, नॅन्सीताईंच्या ध्रुपदाचा एखादा दुवा असेल तर टाका. आणि लंडनस्थ, 'ट्राउट'ची ती फिल्म पूर्ण कुठे मिळते?